दोन दिवस उशिरा येणारी घसरण : पेशीय ऊर्जा, आहार आणि परिसर यांचे एक प्रकरण

विषाणुजन्य तापानंतर चौदा महिने उलटूनही कामावर परतू न शकलेल्या एका ३८ वर्षांच्या शिक्षिकेचे हे प्रकरण आहे. ते एकाच व्यक्तीचे नाही. दीर्घ आजारातून उठू पाहणाऱ्या अनेकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णात एकत्र करून ते रचले आहे, आणि त्यातले आकडेही अशा रुग्णांत आढळतात तसेच घेतले आहेत. शरीरात ऊर्जा कमी पडते आहे, याबद्दल रुग्ण, घरचे लोक आणि वैद्य यांच्यात मतभेद नव्हता. ती कोठे कमी पडते, पेशीत, ताटात की झोपण्याच्या खोलीत, याबद्दल मात्र प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते.

पार्श्वभूमी

ताप पाच दिवसांत उतरला होता. तिसऱ्या आठवड्यात त्या शाळेत रुजू झाल्या आणि थोड्याच दिवसांत वर्गात फळ्यापाशी उभ्या असताना भोवळ येऊन खाली बसल्या. त्यानंतरची रजा वाढतच गेली. रक्ताच्या नेहमीच्या चाचण्या, छातीचा एक्स-रे आणि हृदयाचा आलेख यांत काही न सापडल्यामुळे ‘अशक्तपणा आहे, हळूहळू व्यायाम वाढवा’ असा सल्ला मिळाला. वीस मिनिटे चालण्यापासून सुरुवात करून दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवायची, असे ठरले. चौथ्या आठवड्यात त्यांनी जे अंथरूण धरले, ते पुढे अडीच महिने सुटले नाही.

याच काळात पेशीतील तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बिघडल्याने असा थकवा येतो आणि योग्य आहाराने त्या ‘दुरुस्त’ होतात, असे त्यांच्या वाचनात आले. त्यांनी आधी साखर आणि गहू सोडला, मग दूध, मग कडधान्ये, मग आंबट फळे आणि शेवटी अंडी. चौदाव्या महिन्यात त्यांच्या ताटात जेमतेम आठ-नऊ पदार्थ उरले होते, आणि सोबत सात प्रकारच्या पूरक गोळ्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या शयनगृहाला नवा रंग दिला होता. त्या वासाने पेशींवर ताण येतो अशी धास्ती घेऊन त्यांनी आपले अंथरूण सर्वांत वरच्या मजल्यावरील, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत हलवले होते. या तपशिलाकडे सुरुवातीला कोणीच लक्ष दिले नाही.

तपासणी

उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. आजारापूर्वी ते ५४ किलो होते. म्हणजे बॉडी मास इंडेक्स २१.६ वरून १८.४ वर आला होता, आणि १८.५ च्या खाली जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कमी वजनाची पायरी सुरू होते. तीन दिवसांच्या आहारनोंदीवरून रोजचे पोषण सुमारे ११०० कॅलरी भरले. हिमोग्लोबिन १२.१, म्हणजे ‘नॉर्मल’ या शिक्क्याच्या अगदी काठावर होते. पूर्वी कोणीच न पाहिलेले फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, मात्र अवघे ९ निघाले. लोहाचा साठा संपत आला की आधी फेरिटिन घसरते आणि हिमोग्लोबिन बरेच नंतर, त्यामुळे ‘ॲनिमिया नाही’ या वाक्यातून लोह पुरेसे आहे असा अर्थ काढता येत नाही. जीवनसत्त्व बी-१२ सुद्धा खालच्या मर्यादेपेक्षा कमी होते.

दहा मिनिटांची उभे राहण्याची साधी चाचणी सर्वांत बोलकी ठरली. आडवे असताना नाडी ७४ होती. भिंतीला टेकून उभे राहिल्यावर आठव्या मिनिटाला ती ११२ झाली. रक्तदाब फारसा उतरला नाही. पहिल्या दहा मिनिटांत नाडी ३० किंवा त्याहून अधिक ठोक्यांनी वाढणे, रक्तदाब न पडणे आणि ही तक्रार काही महिने टिकणे, यावरून पॉट्स नावाने ओळखली जाणारी अवस्था ठरवतात. चाचणीच्या शेवटी त्यांचे पाय घोट्यापर्यंत जांभळट दिसत होते आणि शेवटच्या दोन मिनिटांत विचारलेल्या साध्या बेरजेला त्यांना वेळ लागत होता. फळ्यापाशी आलेल्या भोवळीचा अर्थ इथे लागला.

त्यांच्या कटाक्षाने पाळलेल्या पथ्यामुळे आणि गोळ्यांमुळे काही चाचण्यांचे अर्थच बिघडले होते. केस गळतात म्हणून घेतलेले बायोटिन हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत असले, तर थायरॉइडच्या काही चाचण्यांत टीएसएच (या ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) खोटे कमी आणि टी-४ (ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक) खोटे जास्त दिसू शकते; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये अशा गफलतींबद्दल सावधही केले होते. यांच्या जुन्या अहवालात नेमके तेच चित्र होते आणि ‘थायरॉइड वाढले आहे का’ अशी शंका टिपून ठेवलेली होती. बायोटिन बंद करून काही दिवसांनी केलेल्या चाचणीत टीएसएच निर्दोष आले. टी-३ हे ग्रंथीचे दुसरे संप्रेरक तेवढे किंचित कमी होते. कमी खाणाऱ्या शरीराने स्वतःहून खर्च आखडता घेतल्याची ती खूण होती, ग्रंथीचा रोग नव्हता. गव्हातील ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या सीलिएक रोगाची रक्तचाचणीही पूर्वी ‘निगेटिव्ह’ आली होती, पण ती करताना गहू सोडून कित्येक महिने झाले होते, आणि ग्लुटेन पोटात जात नसताना त्या चाचणीला काही अर्थ राहत नाही. पुन्हा गहू खायला लावून आजार वाढवण्याऐवजी एचएलए डीक्यू-२ आणि डीक्यू-८ ही जनुकीय तपासणी केली. या रोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत यांपैकी एक तरी असतेच; यांच्यात दोन्ही नसल्यामुळे सीलिएक रोग जवळजवळ बाद झाला.

पायांच्या बोटांत मुंग्या येतात, अशीही त्यांची तक्रार होती. तिला दोन संभाव्य कारणे होती आणि दोन्ही घरातच होती. बी-१२ ची कमतरता हे एक. दुसरे म्हणजे सात गोळ्यांपैकी तिघींत मिळून रोज दीडशे मिलिग्रॅम बी-६ पोटात जात होते. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर संवेदना वाहणाऱ्या नसांनाच इजा करते. अमेरिकेत प्रौढांसाठी त्याची वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम आहे, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. तीन वेगवेगळ्या डब्यांवर तीन वेगवेगळी आकर्षक नावे असली, की आतला घटक एकच असल्याचे सहज नजरेतून सुटते.

न्हाणीघरात गॅसवर चालणारा पाणी तापवण्याचा बंब होता, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचीही शंका तपासली. हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि शिवाय मायटोकॉन्ड्रियातील श्वसनसाखळीच्या, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या पायऱ्यांच्या मालिकेच्या, शेवटच्या विकरालाही (एन्झाइमलाही) अडवतो. म्हणजे ‘परिसरामुळे पेशीची ऊर्जा कमी होणे’ या शब्दांचा इतका थेट अर्थ असलेले दुसरे उदाहरण क्वचितच असेल. बोटाला लावायचे नेहमीचे ऑक्सिमीटर येथे फसते, कारण त्याला प्राणवायू धरलेले हिमोग्लोबिन आणि हा वायू धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही. मोकळ्या हवेत रक्तातील हे प्रमाण चार-पाच तासांत निम्म्यावर येते, म्हणून स्नानानंतर लगेच रक्त घेतले. ते निर्दोष आले आणि ही शंका मिटली.

पेशीबद्दल काय ठाऊक आहे

पेशी आपला खर्च एटीपी या रेणूत भागवते. त्याचा साठा अगदी थोडा असतो, जोराच्या कामात स्नायूला काही सेकंदच पुरेल एवढा. पण तो सतत मोडत आणि पुन्हा बनत राहतो, इतका की दिवसभरात घडलेले एटीपी एकत्र मोजले तर ते साधारण आपल्या वजनाएवढे भरते. ग्लुकोजचा एक रेणू प्राणवायूशिवाय मोडला तर निव्वळ २ एटीपी मिळतात. मायटोकॉन्ड्रियात पूर्ण जाळला तर ३० ते ३२. ही यंत्रणा मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकावर चालते, हे पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडले आणि १९७८ चे नोबेल पारितोषिक त्यांना त्यासाठीच मिळाले. आहाराचा संबंध येतो तो या यंत्राच्या सुट्या भागांपाशी. श्वसनसाखळीतील लोह-गंधकाचे गुच्छ लोहाशिवाय बनत नाहीत. ग्लुकोज मोडून तयार झालेल्या पायरुवेटवर पुढची प्रक्रिया करणाऱ्या विकराला थायमिन (जीवनसत्त्व बी-१) लागते. रायबोफ्लेविन आणि नायसिन ही बी गटातलीच जीवनसत्त्वे इलेक्ट्रॉन वाहणारे रेणू घडवतात. आणि एटीपी पेशीत वावरते तेच मुळी मॅग्नेशियमसोबत. यांपैकी काही कमी असेल तर ते भरल्याने फरक पडतो. ते कमी नसताना आणखी ओतल्याने यंत्र अधिक वेगाने चालते, असे मात्र नाही. बाजारातील ‘मायटोकॉन्ड्रिया बूस्ट’चा सगळा डोलारा या दोन वाक्यांतला फरक पुसूनच उभा राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शिक्षिकेच्या मूळ आजाराचे नाव मायल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये त्याचे निकष मांडले : सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटणे, श्रमानंतर प्रकृती ढासळणे, झोपेने ताजेतवाने न वाटणे, आणि जोडीला विचारशक्तीची मंदता किंवा उभे राहणे न सोसणे यांपैकी किमान एक. श्रमानंतरची ही घसरण म्हणजे नुसती दमणूक नव्हे. लागोपाठ दोन दिवस सायकलवर श्रमचाचणी घेतली तर निरोगी पण बैठी जीवनशैली असलेली माणसे दुसऱ्या दिवशी जवळपास पहिल्यासारखीच कामगिरी करतात. या रुग्णांपैकी अनेकांत मात्र दुसऱ्या दिवशी, प्राणवायूवरचे काम अपुरे पडू लागते तो उंबरठा बऱ्याच कमी कामावर येतो. कोविडनंतरच्या दीर्घ आजारात ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये २५ रुग्ण आणि २१ निरोगी व्यक्ती यांच्या स्नायूंचे नमुने श्रमचाचणीच्या आधी आणि नंतर तपासले. रुग्णांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाचे काम आधीच मंद होते आणि श्रमानंतर ते आणखी बिघडलेले दिसले. ‘वाढत्या श्रेणीचा व्यायाम’ हा उपचार म्हणून देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेने ऑक्टोबर २०२१ च्या मार्गदर्शिकेत सांगितले ते या आजाराच्या संदर्भातच. अंथरुणात घालवलेल्या त्या अडीच महिन्यांचे कारण रुग्णाचा आळस नव्हता, हे घरच्यांना समजावताना या मार्गदर्शिकेचा फार उपयोग झाला.

रोजनिशी

त्या शिस्तीच्या शिक्षिका असल्यामुळे त्यांनी रोजनिशी चोख ठेवली होती. एका रकान्यात जेवण, दुसऱ्यात त्या दिवशीची प्रकृती, आणि खाली लाल शाईने निष्कर्ष. एक आठवडा नमुन्यादाखल पाहू. सोमवारी सकाळी त्यांनी उभ्याने, गरम पाण्याने केस धुतले आणि दुपारी पालकांशी तासभर व्हिडिओवर बोलल्या. मंगळवारच्या नोंदीत ‘आज बरे’ असे लिहिले आहे. बुधवारी सकाळी दूध घेतले. दहाच्या सुमारास घसा दुखू लागला, हात डोक्यापर्यंत उचलवेना, खिडकीचा उजेड सोसेना. लाल शाईत नोंद आहे : ‘दूध. बंद.’ पुढच्या पानांवर कडधान्ये, आंबट फळे आणि अंडी यांची नावे एकेक करून अशीच बाद होत गेली आहेत.

श्रमानंतरची घसरण बहुधा लगेच येत नाही. बारा तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंतचा उशीर या आजारात नेहमीचा आहे. जेवण मात्र रोज तीनदा होते. घसरण बुधवारी आली, तर बुधवारी पोटात गेलेला कोणता तरी पदार्थ आरोपी म्हणून हजरच असतो, आणि सोमवारचे केस धुणे तोवर विस्मरणात गेलेले असते. रोजनिशी जितकी काटेकोर, तितका हा चुकीचा निष्कर्ष अधिक खात्रीचा वाटत गेला. रुग्णाच्या बुद्धीचा किंवा अंधश्रद्धेचा येथे प्रश्न नाही; कारण आणि परिणाम यांत मोठे अंतर असले की कोणाचेही निरीक्षण असेच फसते.

म्हणून पहिला ‘उपचार’ कागदावरच झाला. श्रमांचा वेगळा रकाना आखला. त्यात फक्त चालणे नव्हे, तर उभे राहणे, बोलणे, पडद्याकडे पाहणे, वाद घालणे, ऊन सोसणे हेही लिहायचे. मग तो रकाना दोन दिवस पुढे सरकवून प्रकृतीच्या रकान्याशेजारी ठेवला. मागच्या दहा आठवड्यांतील अकरा मोठ्या घसरणींपैकी नऊंच्या आधी एक ते तीन दिवसांत उभ्याने किंवा उष्णतेत केलेले काम, नाहीतर लांबलेले संभाषण सापडले. दुधाचा तसा संबंध एकदाही लागला नाही, उलट ज्या तीन चांगल्या दिवसांच्या आधी दूध घेतलेले होते, ते दिवसही आता नजरेत आले. उरलेल्या दोन घसरणींचे कारण सापडले नाही आणि ते शोधण्याचा हट्टही केला नाही.

या चुकीच्या दोषारोपाची किंमत शरीराने मोजली होती. एकेक पदार्थ सुटत गेला तसे लोह, बी-१२, प्रथिने आणि एकूण कॅलरी कमी होत गेल्या, शरीराची क्षमता घटली, घटलेल्या क्षमतेमुळे पूर्वी सोसणारे श्रम सोसेनासे झाले, घसरणी वाढल्या, आणि प्रत्येक घसरणीने आणखी एक पदार्थ बाद केला. उपासमार स्वतःच काय काय करू शकते, याची नोंद १९४४-४५ च्या मिनेसोटा प्रयोगात आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने निम्म्यासारख्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन साधारण चौथ्या हिश्शाने घटले, आणि थकवा, थंडी वाजणे, उदासी, एकाग्रता ढळणे, अन्नाचा ध्यास अशी लक्षणे त्या धडधाकट माणसांत दिसली. आपल्या रुग्णाच्या तक्रारींच्या यादीतले किती मूळ आजाराचे आणि किती ताटाचे, हे चौदाव्या महिन्यात नुसते ऐकून कोणालाही सांगता आले नसते.

खोली

वरच्या मजल्यावरच्या खोलीची गोष्ट रोजनिशीतूनच पुढे आली, कारण स्थलांतरानंतर ‘झोप’ या शब्दापुढे रोज फुली होती. छत दिवसभर तापत असल्याने रात्री दहालाही खोलीत ३१ अंश तापमान राही. उष्णतेत त्वचेच्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त पायांकडे साठते आणि हृदयाकडे कमी परतते. पॉट्स असलेल्या माणसाची नाडी तेवढ्यानेच वाढते. शिवाय रस्त्यावरची अवजड वाहने पहाटेपर्यंत थांबत नसत. रस्त्यावरील वाहतुकीचा रात्रीचा आवाज, घराच्या बाहेरच्या बाजूस मोजला असता, सरासरी ४५ डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये केली आहे. खिडकीपाशी फोनवर ढोबळपणे मोजले तेव्हा मध्यरात्रीनंतरही आकडा साठीच्या खाली फारसा येत नव्हता. रंगाच्या वासापासून सुटका करून घेण्यासाठी त्यांनी उष्णता, गोंगाट आणि एक जिना, असे तीन खरे ताण ओढवून घेतले होते. वासाचा त्रास खोटा होता, असे म्हणायचे नाही. ताज्या रंगातील बाष्पांनी डोके दुखू शकते. पण रंग देऊन आता आठ महिने झाले होते.

सततचा ताण पेशीला महाग पडतो, यालाही आधार आहे. ताणाच्या संप्रेरकासारखे द्रव्य मानवी पेशींना प्रयोगशाळेत दीर्घकाळ दिले असता त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, असे मार्टिन पिकार्ड आणि सहकाऱ्यांच्या २०२३ मधील प्रयोगात दिसले. काचेच्या बशीतल्या पेशींचा हा आकडा जिवंत माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. दिशा मात्र समजते, की सावध अवस्थेत राहणे हेच एक काम आहे आणि त्याचे बिल वाढ, दुरुस्ती व झोप यांच्या खात्यातून फिटते. या रुग्णाच्या बाबतीत हवा, भांडी, वास आणि अन्न यांवर चोवीस तास ठेवलेला पहारासुद्धा त्याच खर्चात मोजावा लागेल.

उपाय आणि त्यांचा क्रम

सर्वांत आधी अंथरूण खाली आले, आणि सहा गोळ्या बंद झाल्या. ड जीवनसत्त्वाची तेवढी राहिली. बी-१२ इंजेक्शनने दिले. लोह रोज न देता एक दिवसाआड एकदाच, आणि चहापासून दूर ठेवून दिले, कारण लोहाच्या एका मात्रेनंतर हेप्सिडिन हे संप्रेरक साधारण दिवसभर वाढलेले राहते आणि पुढच्या मात्रेचे शोषण अडवते. लोह कमी असलेल्या स्त्रियांवरील २०१७ च्या अभ्यासात एक दिवसाआड घेतलेले लोह अधिक प्रमाणात शोषले गेले. रक्तक्षय नसतानाही फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना लोहाने थकव्यात फरक पडतो, हे २०१२ मधील एका चाचणीत दिसले होते, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरण्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

आहार वाढवताना घाई केली नाही. बराच काळ कमी खाल्लेल्या शरीरात एकदम भरपूर कर्बोदके गेली, तर इन्सुलिनबरोबर फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन रक्तातील त्यांची पातळी धोकादायक रीतीने पडू शकते. एटीपीतील ‘पी’ फॉस्फेटचाच आहे, हे येथे आठवावे. म्हणून आधी थायमिन सुरू केले, पहिल्या दोन आठवड्यांत या तिन्ही क्षारांची तपासणी दोनदा केली, आणि आहार चार-पाच दिवसांच्या टप्प्यांनी वाढवत १९०० कॅलरींपर्यंत नेला. सोडलेले पदार्थ परत आणण्याचा नियम एकच होता : नवा पदार्थ अशाच दिवशी, ज्याच्या आधीच्या तीन दिवसांत मोठा श्रम झालेला नाही. दूध, अंडी आणि कडधान्ये विनातक्रार परतली. आंबट फळांनी खरोखरच छातीत जळजळ होत असे, ती बाहेरच राहिली.

श्रमांची मर्यादा नाडीवरून ठरवली. २२० मधून वय वजा करून त्याच्या साठ टक्के, या ढोबळ ठोकताळ्याने ती १०९ येते, आणि त्यांची नाडी नुसत्या उभे राहण्याने ११२ होत होती. म्हणजे ओट्यापाशी उभे राहून चहा करणे हेच मर्यादेबाहेरचे काम होते. त्यांना ‘चाला’ किंवा ‘चालू नका’ असे सांगण्यात काही हशील नव्हते; आधी उभे राहणे स्वस्त करायला हवे होते. मीठ आणि पाणी वाढवले, पोटापर्यंत येणारे दाबाचे मोजे दिले, न्हाणीघरात स्टूल ठेवले, पाणी कोमट केले. केस धुण्याच्या वेळी पूर्वी १२८ वर जाणारी नाडी स्टुलावर बसून कोमट पाण्याने धुताना १०० च्या आत राहिली. या बदलाला खर्च स्टुलाएवढाच आला.

पुढचे महिने

उपचारांच्या दहाव्या आठवड्यात फेरिटिन २८ वर पोहोचले आणि त्यांना खरोखरच हलके वाटू लागले. त्या आठवड्यात त्यांनी कपाटे आवरली, दोन मैत्रिणींना घरी बोलावले आणि जिना चारदा चढला. नंतरचे तीन आठवडे अंथरुणात गेले. ही घटना इथे मुद्दाम सविस्तर नोंदवावीशी वाटते, कारण अशा प्रकरणांत सुधारणेचे पहिले पाऊलच सर्वांत धोक्याचे असते. लोहाने आणि आहाराने उपासमारीचा थकवा उतरला होता. मूळ आजारातील श्रमोत्तर घसरण जिथल्या तिथे होती. एक थर निघाल्यामुळे दुसराही निघाला असे शरीराला, घरच्यांना आणि वैद्यालाही वाटू लागते. त्यानंतर नियम बदलला : बरे वाटले तरी दोन आठवडे खर्च तितकाच ठेवायचा आणि घसरण आली नाही तरच दहा टक्क्यांनी वाढवायचा. त्यांना हा नियम जाचक वाटला आणि त्यांनी तसे स्पष्ट बोलूनही दाखवले.

उपचारांच्या दहाव्या महिन्याच्या अखेरीस वजन ५१ किलो, फेरिटिन ५२, उभे राहिल्यावर नाडीची वाढ ३८ वरून २४ ठोके. रोजची पावले सुमारे अठराशेवरून चार हजारांच्या आसपास आली. मोठ्या घसरणी आठवड्याला एकीच्या हिशेबावरून महिन्याला एकीवर आल्या. त्या घरून, बसून, दिवसाला दोन तास शिकवतात. यास बरे होणे म्हणता येणार नाही.

यातला कोणता उपाय किती कामाला आला, हे वेगळे काढता येत नाही. कमतरता भरणे, आहार, खोली आणि श्रमनियंत्रण हे सारे काही आठवड्यांच्या अंतराने सुरू झाले, कारण फेरिटिन ९ असताना नीट पुरावा जमावा म्हणून लोह रोखून धरणे योग्य ठरले नसते. काळ गेल्याने आपोआप होणारी थोडी सुधारणाही त्यात मिसळलेली असेल. केस धुण्याच्या वेळच्या नाडीसारखे काही बदल तेवढे लगेच आणि पुन्हा पुन्हा मोजता आले, आणि क्षारांची पातळी, फेरिटिन व वजन यांना मताची गरज नाही. मायटोकॉन्ड्रियाची थेट तपासणी या प्रकरणात कोणत्याच टप्प्यावर झाली नाही आणि ती न झाल्यामुळे एकही निर्णय अडला नाही.

बी-६ बंद करून दहा महिने झाले, तरी डाव्या पायाच्या अंगठ्यातील मुंग्या पूर्ण गेलेल्या नाहीत, म्हणून नसांच्या वहनाची चाचणी पुढच्या भेटीत ठरली आहे. फेरिटिन तीन महिन्यांनी पुन्हा पाहायचे आहे, कारण मासिक रक्तस्राव अधिक असल्याचे त्यांनी अलीकडेच सांगितले आणि साठा पुन्हा रिता होण्याची ती वाट अजून बंद झालेली नाही. शाळेने पुढील सत्रापासून वर्गात येण्याबद्दल विचारले आहे. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे; तळमजल्यावरची खोली, बसून शिकवण्याची मुभा आणि सलग दोन दिवस तास न लावणे, या तीन अटींवरच त्याला होकार द्यावा असे सध्या ठरले आहे.